मैदानासमोरचे तीन प्लॉट

३ मार्च, मंगळवार

चौदा महिन्यांत आमच्या लेआउटमधला एकही प्लॉट विकला गेलेला नाही. नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने वही उघडून दाखवली, म्हणजे बातमी पक्की. शेवटची नोंद गेल्या वर्षीच्या जानेवारीतली. पुढे काही नाही. "सगळीकडे हेच आहे बाई," म्हणाला. "लोक येतात, बघतात, पाणी पितात, जातात."

आणि अशा बाजारात सतरा प्लॉटांचा दर मी ठरवायचा!

कसं ठरलं ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझाच गोंधळ होईल. बाबांनी या जागेत चौसष्ट प्लॉट पाडले. बरेचसे त्यांनीच विकले. ते गेले तेव्हा थोडे उरले होते, मृत्युपत्र नव्हतं, म्हणजे आम्हा तिघा भावंडांचे. आता सतरा राहिलेत. दादा म्हणतो, सतराही मी घेतो, तुम्हा दोघींना वाट्याचे पैसे देतो, सह्या करा आणि मोकळ्या व्हा. मला घाई नाही. धाकटीला आहे. ती भाड्याने राहते त्या दोन खोल्या घरमालकाने विकायला काढल्यात. एकतीस तारखेपर्यंत तिने घ्याव्यात, नाहीतर तो दुसऱ्याला देणार. वाटा मिळाला तर घर, नाही मिळाला तर सामान बांधायचं. म्हणून सह्या एकतीसला, वकिलाकडे, अकरा वाजता.

दर कोणी ठरवायचा यावर वाद होईल असं वाटलं होतं. दादाच म्हणाला, "तू ठरव. एवढी वर्षं पेपरात बाजारभावाचं पान काढलंस. तुझ्या आकड्यापुढे मी ब्र काढणार नाही."

दादा! लहानपणी मी मोजलेल्या गोट्या पुन्हा मोजून घेणारा दादा!

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "भावाने विश्वास टाकला तर आनंद मानावा माणसाने." मग चष्म्यावरून बघत, "पण जरा पावती ठेवावी."

४ मार्च, बुधवार

लेआउटच्या ऑफिसची किल्ली मागितली तर दादा म्हणाला, "कशाला? तुला हवं ते मी पाठवतो." शेवटी दिली. पण कशाला, हे विचारलंच त्याने.

५ मार्च, गुरुवार

सकाळी आठ ते अकरा जागेवर. वही, पेन्सिल, मोजपट्टी, पाण्याची बाटली. प्रत्येक प्लॉटवर जाऊन उभी राहिले.

चव्वेचाळीस — चांगला चौकोनी, पण समोर ट्रान्सफॉर्मर. दिवसभर गुणगुणतो. बावन्न — त्रिकोणी. बाबा म्हणायचे, तिथे घर बांधलं तर टोकाच्या खोलीत सासूला ठेवायचं, पाय पसरता येत नाहीत. अठ्ठावन्न उताराला. रस्त्याचं सगळं पाणी तिथे उतरणार. एकसष्टच्या हद्दीचे दगड चार हवेत, तीनच दिसले. चौथा शेजारच्या घराची पायरी झालाय! त्या घरातल्या बाई म्हणाल्या, "आम्ही आलो तेव्हापासून आहे तो इथे." दगड चालत आला असेल.

सतरा बघून झाले तेव्हा एक गोष्ट कळली. उरलेल्यांत धड एकही नाही. कुठल्या ना कुठल्या तरी कारणाने ते मागे राहिलेत. दोन-चार बरे आहेत, बाकीच्यांचं लग्न जमवायचं म्हणजे हुंडाच द्यावा लागेल.

६ मार्च, शुक्रवार

मूळ दर कुठून धरायचा? दादा गिऱ्हाइकांना एकवीसशे सांगतो. चौरस फुटाला. रस्त्यापलीकडच्या लेआउटवाल्याने बावीसशेची पाटी लावलीय. त्याचंही काही विकलेलं नाही. म्हणजे हे मागायचे दर, मिळालेले नव्हेत.

पेपरात छापून येतो चोवीसशे. जुन्या ऑफिसात फोन केला. माझ्या पानावर आता जी मुलगी बसते तिला विचारलं, चोवीसशे कोणी सांगितले?

"मॅडम, एजंटला विचारतो आम्ही."

"कुठल्या?"

नाव वाचून दाखवलं. आमचाच एजंट! तो, ज्याला आम्ही सगळे 'लागलीच' म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक काम लागलीच होणार असतं.

मग लागलीचला विचारलं, चोवीसशे कुठून आणलेस? "ताई, पेपरात आलंय ना!"

त्याला झापायला तोंड उघडलं आणि हसूच आलं. माझ्या पानावरही वर्षानुवर्षं असंच चालत असणार. दुजोरा, दुजोरा म्हणून दुसऱ्यांवर ओरडायचे मी.

७ मार्च, शनिवार

धाकटीचा फोन. "झाला का गं दर?" तिला म्हटलं, भाजीचा नाही लावत आहे. "तसं नाही, ताई. घरमालक काल पुन्हा माप घेऊन गेला." आवाज बारीक झाला होता.

सोमवारी जरा पाय उचलते.

९ मार्च, सोमवार

ऑफिसात भेट देणाऱ्यांची वही असते — नाव, फोन, काय बघितलं. गेल्या वर्षभरात येऊन न घेता गेलेल्या सगळ्यांना फोन लावले. का नाही घेतला, आणि किती पडले असते तर घेतला असता? दर काढायला यापेक्षा खरी जागा नाही. अकरा नंबर होते. चार जण बोलले.

एक जण म्हणाला, घराचं कर्ज मिळालं नाही. एकीचं लग्न मोडलं, म्हणाली घर कोणासाठी घेऊ. ठीक.

तिसरे शाळेतले शिक्षक. "दर महाग नव्हता हो. आम्हाला मैदानासमोरचे हवे होते. नऊ, दहा, अकरा. पण नकाशावर त्यांच्यावर लाल चकत्या." चकती म्हणजे विकलेला. बाबांच्या काळापासून ऑफिसच्या भिंतीवरच्या नकाशावर प्लॉट विकला की लाल चकती चिकटवतात.

चौथी एक नर्स. तिनेही तेच सांगितलं. मैदानासमोरचे. पण तिने पुढे एक वाक्य घातलं, आणि मी पेन्सिल खाली ठेवली. "तुमचा एजंट म्हणाला, दोन-तीन महिने थांबा, ते तीन कदाचित उघडतील. म्हणून थांबलेय."

विकलेले प्लॉट उघडतात कसे?

१० मार्च, मंगळवार

मैदानासमोर गेले. नऊ, दहा, अकरा. सपाट, रुंद रस्ता, समोर मोकळं, कडेला दोन मोठी झाडं. लेआउटमधले सगळ्यांत चांगले तीन. गवत गुडघ्याएवढं. कुंपण नाही, नावाची पाटी नाही, हद्दीच्या दगडांवर रंगाचा ठिपकाही नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी विकलेले म्हणे! घेणारा एकदाही गवत कापायला आला नाही?

दादाला सहज म्हणून विचारलं. "अरे, नऊ-दहा-अकरा कोणाचे?"

"बाबांच्या वेळचे. बाहेरगावची पार्टी आहे."

"नाव?"

"फाइलीत असेल. तुझे सतरा झाले का?"

फाइल शोधली. एकेका विकलेल्या प्लॉटचं खरेदीखत नंबराने लावलंय, बाबांची शिस्त. आठ आहे, बारा आहे. मधले तीन नाहीत.

१२ मार्च, गुरुवार

आज नगरपालिकेत. मोकळ्या प्लॉटांचा कर मालकाच्या नावे लागतो. तिथल्या कारकुनाने बिल काढून दिलं, शिक्का मारून. बाबांच्या नावावर किती प्लॉट?

वीस.

सतरा नाहीत. वीस. नऊ, दहा, अकरा धरून. आणि दादा दरवर्षी या तिघांसकट कर भरतोय, पावत्या त्याच्या सहीच्या.

म्हणजे विकले नाहीत. निदान कागदावर तरी नाहीत. मग एक तर दादाने ते हातावर, कागद न करता, कोणाला दिलेत, नाहीतर दिलेले नाहीत आणि आम्हाला सांगायचे नाहीत. दोन्हींतलं बरं कुठलं, ते काही मला ठरवता येईना. बाहेर बाकावर बसून केळं खाल्लं. शेजारी एक गृहस्थ पाणीपट्टीवरून कोणाला तरी फोनवर शिव्या देत होते. बरं वाटलं.

१४ मार्च, शनिवार

दादाकडे जेवायला गेलो होतो. हात धुताना विचारलं, कराचं बिल वीस प्लॉटांचं का येतं?

त्याने दचकायला हवं होतं. तो म्हणाला, "अगं, त्या नगरपालिकेचं काही विचारू नकोस! मेलेल्या माणसांना पाणीपट्टी लावतात ते. दुरुस्तीला अर्ज करा, खेटे घाला... त्यापेक्षा भरून टाकतो." आणि टॉवेल माझ्या हातात दिला.

खरं असू शकतं. दादा आळशी आहेच. पण तीन प्लॉटांचा फुकटचा कर भरण्याइतका? हा माणूस हॉटेलात उरलेला लिंबू खिशात घालतो!

१६ मार्च, सोमवार

ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "सरळ विचार ना त्याला." चाळीस वर्षं बातमीदार बायकोबरोबर काढून ह्यांना अजून कळत नाही. पुरावा हातात येण्याआधी सरळ विचारलं की सरळ खोटं मिळतं.

१७ मार्च, मंगळवार

वकिलाने मसुदा पाठवला. पाच पानं. सतरा प्लॉटांची नंबरवार यादी, आणि तिच्याखाली एक ओळ: "तसेच सदर आराखड्यातील अन्य जे काही शिल्लक असेल अथवा पुढे आढळून येईल त्यावरील सर्व हक्क."

तीन वेळा वाचली. पुढे आढळून येईल! काय आढळायचंय पुढे? खजिना?

दादाला फोन केला. "वकिलांची भाषा असते ती," म्हणाला. "रस्त्याच्या कडेच्या पट्ट्या, गटाराची जागा, असलं उरतं काहीतरी. नंतर कटकट नको."

ती ओळ काढायला सांग म्हटलं. बघतो म्हणाला.

१९ मार्च, गुरुवार

लागलीचला कोपऱ्यात घेतलं. त्या नर्सबाईंना मैदानासमोरचे उघडतील असं कोणाच्या जिवावर सांगितलंस?

"ताई, तसं म्हणायची पद्धतच असते! गिऱ्हाईक हातचं सुटू नये म्हणून."

"विकलेल्या प्लॉटबद्दल?"

"विकलेलाही परत बाजारात येतो की. माणसं मरतात, भांडतात, पोरं परदेशी जातात..."

"तुला दादा काही बोलला होता?"

"शपथ घेऊन सांगतो ताई, मला कोणी काही सांगत नाही. मी आपला लागलीच निघतो." आणि खरंच निघाला. त्याची चहाची कपबशी तशीच.

मग नकाशाकडे गेले. चकत्या जवळून बघितल्या. इतरांवर बाबांच्या बारीक अक्षरात तारीख आहे. या तिघांवर नाही. दादाच्या अक्षरातही नाही. नुसता लाल कागद, उन्हाने गुलाबी झालेला. म्हणजे हे जुनंच काम. दादाचं नव्हे. मग कोणाचं?

हा नकाशा काढणारे नकाशेकाका अजून आहेत. मुलीकडे राहतात असं ऐकलं होतं. शोधते.

२१ मार्च, शनिवार

नकाशेकाका! नव्वदीला टेकलेत, पण पेन्सिल अजून खिशात. मला ओळखलं. "पोरी, तू ती. दाराआड उभी राहून ऐकायचीस." त्यांची मुलगी चहा देऊन आत गेली.

विचारलं, मैदानासमोरचे तीन कोणी घेतले?

आधी नुसते हसले. इतके, की ठसका लागला.

"कोणी नाही! चकत्या तुझ्या बाबांनीच लावल्या. पहिल्या दिवशी, दार उघडायच्या आधी. लाल कागद मीच कापला होता."

मला कळेना. काकांनी माझ्या वहीत नकाशा काढून समजावलं. कोऱ्या नकाशापुढे गिऱ्हाईक उभं राहत नाही, म्हणतं, कोणीच घेत नाही तर मी का घेऊ. तीन लाल दिसले की हात खिशाकडे जातो. आणि चकत्या लावायच्या तर सगळ्यांत चांगल्या तिघांवर. "चांगला माल आधी गेला की मागचा पडून राहतो. ते तीन झाकून ठेवायचे, भाव दुप्पट झाला की चकत्या काढायच्या आणि म्हणायचं, पार्टीने सोडले. सगळेच करायचे तसं. तुझे बाबा फक्त जरा जास्त थांबले."

हो, थांबलेच. भाव दुप्पट झाला तेव्हा बाबांना झटका आलेला. वाचा गेली. दोन वर्षं अंथरुणावर होते, शेवटी-शेवटी हाताने भिंतीवर काहीतरी गिरवायचे. आम्ही म्हणायचो, मैदानावर फिरायला जायचंय त्यांना.

आणि पुढे आम्ही तिघांनी यादी केली ती नकाशावरूनच! लाल ते विकलेले, कोरे ते उरलेले. खरेदीखतं कोणी मोजलीच नाहीत. बाबांनी गिऱ्हाइकांना फसवायला लावलेल्या चकत्यांना त्यांचीच तीन मुलं फसली. घरी येईपर्यंत रिक्षात एकटीच हसत होते. रिक्षावाल्याने आरसा माझ्याकडे वळवला.

हसू ओसरल्यावर आकडेमोड केली. ते तीन मिळून बाकीच्या सतरांच्या जवळजवळ एक तृतीयांश मोलाचे.

तर प्रश्न उरतो तो दादाचा. त्याला माहीत आहे का? माहीत नसेल तर कराचं त्याचं उत्तर खरं. माहीत असेल तर त्या ओळीचा अर्थ लागतो.

२३ मार्च, सोमवार

धाकटीला सांगायलाच हवं होतं. तिचाही तिसरा हिस्सा आहे. तिच्याकडे गेले. दोन खोल्या, अर्धं सामान खोक्यांत. खोकी बांधून ठेवलीत, लागली तर. भिंतीवरची घड्याळंसुद्धा उतरवलीत. मी चकत्यांचं सगळं सांगितलं.

तिने चहाखालचा गॅस बारीक केला. मग म्हणाली, "ताई, आता नको गं काढू हे."

"अगं, आपले तीन प्लॉट आहेत!"

"असू देत. पळून जातायत का? आता सांगितलंस तर दादा म्हणेल वीसांचे पैसे माझ्याकडे नाहीत. मग मोजणी, मग भांडण, मग सही पुढच्या वर्षी. माझी मुदत एकतीसला संपते." डोळे भरले होते तिचे. "आधी सतरांचं होऊ दे. मग निवांत बसून बघू."

कुठले तीन, किती मोठे, हे तिने विचारलंही नाही. घाबरली असेल.

म्हटलं, ठीक आहे, तोवर गप्प बसते. पण ती शेवटची ओळ मसुद्यातून जायलाच हवी, नाहीतर सतरांबरोबर ते तीनही दादाचे होतील. "हो हो," म्हणाली. "मी पण सांगते त्याला."

निघताना माझ्या हातात डबा दिला. लहानपणी चूक केली की माझ्या दप्तरात स्वतःची खडूची पेटी ठेवायची, तसा.

२४ मार्च, मंगळवार

दादाने काल धाकटीला फोन केला का, हे मी धाकटीला विचारलं. नाही म्हणाली. तिचा फोन मात्र अर्धा तास बिझी होता. मला सगळ्यांचाच संशय येऊ लागलाय. पेपर सोडून पाच वर्षं झाली तरी ही खोड जात नाही.

२६ मार्च, गुरुवार

दर पूर्ण केले. मूळ धरला सोळाशे — नर्सबाई आणि शिक्षकांना पुन्हा विचारलं, तेव्हा दोघंही म्हणाले, मैदानासमोरचे नसले तरी "बरे" प्लॉट या दराला घेतले असते. ट्रान्सफॉर्मरसमोरचा दहा टक्के खाली. त्रिकोणी पंधरा. उताराचा बारा. दोन रस्त्यांना लागून आहेत ते दोन, दहा टक्के वर. पायरीखाली दगड गेलेल्या एकसष्टला पाच खाली, मोजणीचा खर्च घेणाऱ्याला पडेल म्हणून. प्रत्येकासमोर कारण लिहिलं. कोणी खोडून दाखवावं!

दादाने कागद उभ्यानेच वाचला. एकवीसशे सांगणारा माणूस सोळाशेला कुरकुर करेल, निदान त्रिकोणीवर तरी घासाघीस करेल, असं वाटलं होतं. आणि खरं तर कमी दर त्याच्याच फायद्याचा, मग माझ्यावर खूश तरी व्हावं! दोन्ही नाही. "छान," म्हणाला. "टाईप करून घेऊ." कागदाची घडी घालून खिशात.

सतरांत त्याला रसच नाही. बातमी ही आहे.

२८ मार्च, शनिवार

पक्का मसुदा आला. ती ओळ आहे. तशीच. स्वल्पविरामही हललेला नाही.

दादा फोन उचलत नाही. धाकटीला विचारलं, तू सांगणार होतीस ना? "सांगितलं गं. वकील म्हणतो, काढली तर सगळं पुन्हा टाईप, पुन्हा शिक्के, आठवडा जाईल." आणि वर, "ताई, शब्दांत काय अडकतेस? दादा काय परका आहे का?"

दुपारभर ह्यांच्याशी वाद. ह्यांचं म्हणणं, सही करू नकोस. माझं म्हणणं, सही केली नाही तर धाकटी बुधवारी सकाळी खोक्यांसकट रस्त्यावर. "मग त्या तीन प्लॉटांवर पाणी सोडणार तू?" हे म्हणाले.

विचार केला. मला घर आहे, पेन्शन आहे, मुलगा आपल्या पायांवर उभा आहे. दादाने खाल्ले तर खाल्ले. त्याच्या तोंडावर एकदा सांगेन, की मला माहीत होतं. पण नंतर. आधी धाकटीच्या हातात किल्ली.

सही करणार. ठरलं. ह्यांनी उठून माझं पेन भरून ठेवलं.

३० मार्च, सोमवार

नकाशेकाकांच्या मुलीचा फोन आला. जरा चिडलेलीच होती. "बाबांना आता विश्रांती हवी हो. दिवसभर त्या लाल कागदांचंच बोलत असतात. फेब्रुवारीत तुमचे दादा आणि धाकट्या बाई मिळून हेच विचारून गेले. आता तुम्ही. काय ते तिघं एकत्र बसून ठरवा की."

दुजोऱ्यासाठी वकिलाला फोन लावला. शेवटची ओळ दोघांनी त्याच्यासमोर बसून घालून घेतली. अकरा नंबरचा प्लॉट नंतर धाकटीच्या नावे करून द्यायचा कागदही उद्यासाठी तयार आहे. "तुम्हाला माहीत असेलच," म्हणाला.

मागितला असता तर मी माझ्या हाताने दिला असता.

दरांची यादी नव्याने लिहिली. वीस प्लॉट. नऊ, दहा, अकरा सगळ्यांत वर, चौरस फुटाला सव्वीसशे, कारणांसह. तीन प्रती काढल्या. उद्या साडेदहाला दादा गाडी घेऊन येणार आहे, धाकटीला वाटेत घेऊनच. अकराला वकिलाकडे. सहीआधी यादी मी मोठ्याने वाचणार. घरमालकाची मुदत संध्याकाळी सहापर्यंत आहे.